मागून येणारा कुत्रा, पुढे जाणारा कुत्रा

मराठीत 'वसंताचे सुरुवातीचे दिवस' असं लिहिलं की वाचकापुढे आंब्याचा मोहोर येतो, पळस येतो, दुपारी सावली धरून चालणारी माणसं येतात. सह्याद्रीतला फाल्गुन म्हणजे आटत चाललेले ओढे आणि तापायला लागलेले कातळ. त्यामुळे बर्फाच्या मुलखातलं पुस्तक मराठीत आणताना मार्च-एप्रिलपाशी माझं हमखास अडतं. तिकडे डोंगरात चालणाऱ्याला हेच दिवस सगळ्यांत बेभरवशाचे. पहाटे काचेसारखा टणक असलेला बर्फ दुपारी मांडीपर्यंत पाय गिळतो. वाट अर्धी चिखलात आणि अर्धी बर्फाखाली असते. नदीवरचा बर्फ वरून अखंड दिसतो आणि खालून पाण्याने खाल्लेला असतो. 'वसंत' या शब्दात यातलं काही मावत नाही. हल्ली मी 'बर्फ सुटण्याचे दिवस' असं लिहिते. गाठ सुटते, दावं सुटतं, हात सुटतो. या क्रियापदात मोकळं होणं आहे आणि निसटणंही आहे. शिवाय त्याला लागूनच 'सोडणं' आहे, आणि डोंगरवाटेवरच्या कुत्र्याबद्दल बोलायचं तर त्या शब्दाला वळसा घालून जाता येत नाही.

डोंगर चढणारा माणूस आणि त्याच्याबरोबरचा कुत्रा ही जोडी आपल्याकडे महाभारतापासून आहे. गेलं वर्षभर मी महाप्रस्थानिक पर्व आणि जॅक लंडनची 'द कॉल ऑफ द वाइल्ड' ही 1903 सालची कादंबरी शेजारी ठेवून वाचते आहे. कारण तसं व्यावसायिक होतं. एका संग्रहासाठी दोन्हींतले उतारे मराठीत करायचे होते. पण वाचता वाचता एक तक्रार मनात घर करून बसली. आपल्या परंपरेत कुत्र्याला कुत्रा राहू देत नाहीत. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, ते म्हणे चार वेद. नामदेवांची पोळी घेऊन कुत्रा पळतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, पण कुत्र्यात विठ्ठल दिसतो म्हणून. युधिष्ठिराबरोबर कुत्रा चालतो, तो शेवटी धर्म निघतो. एवढा मान मिळालेला हा प्राणी म्हणी-वाक्प्रचारांत मात्र शिवीपुरता उरतो. त्याचे हाल कुत्रा खात नाही, त्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं. देव नाहीतर शिवी. मधली जागा, म्हणजे चार पायांचा, भुकेचा, वासाने वाट ओळखणारा जनावर-सोबती, जवळजवळ रिकामी आहे.

महाप्रस्थानिक पर्व छोटं आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत त्याचे तीनच अध्याय आहेत. पाच भाऊ आणि द्रौपदी वल्कलं नेसून हस्तिनापुरातून निघतात. सातवा असतो कुत्रा. तो कुठून आला, कुणाचा, काळा की पिवळा, काही सांगितलेलं नाही. पूर्वेकडे, मग दक्षिणेकडे, मग बुडालेल्या द्वारकेवरून उत्तरेकडे असा हा सगळा प्रवास थोडक्या श्लोकांत उरकतो. आणि इथे एक गोष्ट चित्रांनी आपल्याला विसरायला लावली आहे. कॅलेंडरांवर, पोथ्यांच्या मुखपृष्ठांवर पांडव गुडघाभर बर्फातून जात असतात. मूळ पाठात बर्फ नाही. हिमवान दिसतो, तो ओलांडला जातो आणि पलीकडे लागतो तो वाळूचा समुद्र आणि त्याच्यापुढे मेरू. द्रौपदी पडते ती त्यानंतर. मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. भीम प्रत्येक वेळी विचारतो, ही का पडली, हा का पडला, आणि युधिष्ठिर प्रत्येकाचा दोष सांगून मागे न बघता पुढे जातो.

मागे न बघता. हे फार काळजीपूर्वक सांगितलं आहे. आणि लगेच वैशंपायन जनमेजयाला म्हणतो की एकटा तो कुत्रा तेवढा मागून येत राहिला, ज्याचं नाव मी तुझ्यापाशी वारंवार काढलं आहे. मला या जागेचं फार कुतूहल आहे. कथा सांगणाऱ्यालाच जाणवलं आहे की आपण या जनावराचा सारखा उल्लेख करतो आहोत आणि त्याच्याविषयी सांगत काहीच नाही. शिवाय मागे न बघणाऱ्या युधिष्ठिराला तो मागून येतो आहे हे कळतं कसं? कानाने कळत असणार. नखांचा आवाज, धाप, मधूनच अंग झाडल्याचा फटकारा. महाभारतातली सगळ्यांत लांब चाललेली सोबत ही अशी फक्त ऐकू येणारी आहे, आणि तो आवाज पाठात नाही. अनुवादकाला तो घालण्याची परवानगीही नाही.

पण 'मागून येणं' हा तपशील मला खरा वाटत नाही. डोंगरातला कुत्रा मागून चालत नाही. हे मी तुंगनाथच्या वाटेवर पाहिलं आहे. हे तीर्थ पांडवांच्याच नावाशी बांधलेलं. युद्धानंतर पापमुक्तीसाठी ते शंकराला शोधत आले आणि महिषरूपातल्या शंकराचे बाहू इथे प्रकटले अशी पंचकेदाराची कथा आहे. चोपत्यापासून मंदिरापर्यंत जेमतेम चार किलोमीटर आणि साधारण हजार मीटर चढ, दगडी फरसबंद वाट. मार्चमध्ये मंदिर बंद असतं. देवाची उत्सवमूर्ती हिवाळ्याभर खाली मक्कूमठला असते. खालच्या जंगलात बुरांश लाल फुललेला असतो आणि त्याच झाडांच्या बुंध्यांशी बर्फ, ज्याला गढवाली लोक 'ह्यूँ' म्हणतात. हिमाचाच झिजलेला शब्द आहे तो. मराठीत हिम झिजला तो थंडीपुरता, 'हिवाळा' या शब्दात; बर्फासाठी तो वापरावा लागला नाही.

आम्ही तिघं मैत्रिणी होतो. चहाच्या टपरीवर दोन कुत्रे होते, एक अंगावर दाट केस असलेला भोटिया वळणाचा, एक नुसतीच पिवळी कुत्री. चहावाला म्हणाला, "दीदी, इनको बिस्किट मत देना. लोग खिला-खिलाकर ऊपर चढ़ा देते हैं, फिर वहीं छोड़ देते हैं." आम्ही दिलं नाही. तरी ते आले. सकाळी सातला वरचा थर इतका टणक होता की आम्ही भाड्याचे काटे बुटांना बांधून घसरत होतो आणि ते दोघं त्यावरून पळत होते. हिशेब साधा आहे. वीस-पंचवीस किलोचं वजन चार पायांवर वाटलं जातं तिथे साठ किलोचं दोन पायांवर येतं, आणि चालताना तर एकाच. ते पुढे जात, वळणावर बसत, आम्ही दिसलो की परत पुढे. मधूनच थांबून बोटांच्या मधे अडकलेले बर्फाचे गोळे दातांनी उपटून काढत. एका ठिकाणी फरसबंद वाट तिरक्या बर्फाखाली पूर्ण गडप झाली होती. पिवळी कुत्री तिथे थबकली, नाक खाली घातलं आणि वाट सोडून वर, जिथे गवताची पिवळी कड उघडी पडली होती, तिकडून निघाली. आम्ही तिच्या मागून गेलो. अनुगमन आम्ही केलं.

आणि वर, बंद मंदिरापाशी, चंद्रशिलेकडे निघालेली दुसरी टोळी भेटली. तिच्यापाशी पराठे होते. दोघंही त्यांच्याबरोबर गेले. एकदाही मागे न बघता.

आता लंडन. 'द कॉल ऑफ द वाइल्ड' मराठी वाचकाला बहुधा शाळेतल्या संक्षिप्त इंग्रजी पुस्तकातून माहीत असते, शूर कुत्र्याची गोष्ट म्हणून. त्या कादंबरीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग शौर्याचा नाही, न उठण्याचा आहे. हॅल, त्याची बहीण मर्सिडीज आणि तिचा नवरा चार्ल्स ही तीन अडाणी शहरी माणसं चौदा कुत्रे एका गाडीला जुंपतात. अन्नाचा हिशेब चुकतो, कुत्रे एकेक करून मरतात. उरलेली गाडी जॉन थॉर्नटनच्या तळापाशी पोचते तेव्हा बर्फ सुटण्याचे दिवस आलेले असतात. लंडन इथे थांबून ऋतूचं वर्णन करतो. झाडांत रस चढतो आहे, विलोला कळ्या फुटताहेत, खारी बोलताहेत, पक्षी दक्षिणेकडून येताहेत, नदी आपल्यावरचं झाकण फोडायला धडपडते आहे. आणि या सगळ्या जिवंतपणातून मेल्यासारखी ही वरात चालली आहे. ऋतू सुंदर आहे आणि म्हणूनच जीवघेणा आहे, हे एकाच परिच्छेदात. 'वसंत' लिहून हा परिच्छेद मराठीत उतरवलात तर तो शोभेचा होतो आणि पुढचा अपघात आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

थॉर्नटन कुऱ्हाडीचा दांडा तासता तासता सांगतो, पुढे जाऊ नका, तळ निसटायला आला आहे. हॅल ऐकत नाही. चाबूक ओढतो. बाकीचे कुत्रे कसेबसे उठतात, बक उठत नाही. दिवसभर पायांखाली पातळ, आतून खिळखिळा झालेला बर्फ त्याला जाणवत होता. याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचं सरळ मराठी 'कुजलेला बर्फ' असं होईल, पण आपल्याकडे बर्फ कुजत नाही, लाकूड आणि फळ कुजतं. मी 'पोखरलेला' केलं. वाळवीने पोखरलेल्या दाराच्या चौकटीवर हात ठेवला तर ती जशी आत जाते, तसा. हॅल सोट्याने मारायला लागतो, थॉर्नटन मधे पडतो, बक वाचतो. गाडी पुढे निघते आणि काही अंतरावर माणसं, कुत्रे, सामान सगळं नदीत जातं. काठावरून दोघं बघत राहतात, माणूस आणि कुत्रा. दोघांनाही हे आधी कळलं होतं. एकाने ते तोंडाने सांगितलं, दुसऱ्याने अंगाने.

लंडनवर कुत्र्यांत मानवी भावना कोंबल्याचा आरोप त्याच्या हयातीतच झाला होता आणि तो सगळा खोटा नाही. बकला पुढे आदिम पूर्वजांची स्वप्नं वगैरे पडतात ती पानं मला आज जड जातात. पण न उठण्याच्या या प्रसंगात त्याने कुत्र्याला कुठलीही कल्पना चिकटवलेली नाही. पंजांखालची एक जाणीव, आणि नकार. त्याच्या 'टू बिल्ड अ फायर' या 1908 सालच्या कथेत तर तो आणखी कोरडा होतो. माणूस थंडीने मरतो, कुत्रा त्याच्यापाशी बसतो, मरणाचा वास आल्यावर थोडा वेळ विव्हळतो आणि मग उठून माहितीच्या तळाकडे निघून जातो, जिथे अन्न आणि शेकोटी देणारी दुसरी माणसं असतील. भाबड्या वाचकाला हा शेवट निष्ठुर वाटतो. तुंगनाथहून उतरल्यावर मला तो फक्त अचूक वाटला.

कुमाऊंचा जिम कॉर्बेट इथे आठवणं अपरिहार्य आहे. 1944 च्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं'मधलं दुसरंच प्रकरण रॉबिन नावाच्या कुत्र्यावर आहे, दोन नरभक्षकांच्या मधे. विकत घेतला तेव्हा त्याचं नाव पिंचा होतं. कॉर्बेटने ते बदलून लहानपणी आपल्याला आणि धाकट्या भावाला अस्वलापासून वाचवणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचं नाव दिलं. ते प्रकरण मायेने भरलेलं आहे, पण माया कामातून आलेली आहे. एकाचं नाक, दुसऱ्याचे डोळे. भीतीसुद्धा दोघांत वाटून घेतलेली. कॉर्बेटला रॉबिनमध्ये देव बघावा लागत नाही, कारण त्याला रॉबिनचा उपयोग माहीत आहे. यातली साहेबी मालकी कुणी दाखवून दिली तर मी वाद घालणार नाही. पिंचाचा रॉबिन होतो तो काही कुत्र्याच्या इच्छेने नव्हे.

आता परत त्या रथापाशी. इंद्र रथ घेऊन येतो, युधिष्ठिराला चढ म्हणतो. तो म्हणतो, कुत्राही येईल. इंद्र म्हणतो, कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही. भावांना आणि द्रौपदीला सोडलंस, मग याला सोडायला काय हरकत? युधिष्ठिराचं उत्तर वकिली आहे आणि तरी हलवून टाकणारं आहे. ते मेले होते, त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा जिवंत आहे. मग तो पापांची यादी सांगतो: शरणागताला हाकलणं, स्त्रीवध, ब्राह्मणाचं धन लुबाडणं, मित्रद्रोह. या चारींच्या बरोबरीचं एक पाप, भक्ताचा त्याग.

'भक्त' हा शब्द माझ्या कामात सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला. मराठीत तो तसाच ठेवता येतो, आणि बहुतेक जण ठेवतात. पण वारकऱ्यांच्या भाषेत 'भक्त' म्हटलं की समोर देव उभा राहतो आणि कुत्रा आपोआप युधिष्ठिराची पूजा करायला लागतो. मग पुढचा गौप्यस्फोट सोयीचा होतो. संस्कृत धातूत वाटून घेणं आहे, एखाद्याच्या वाट्याला येणं, त्याला धरून राहणं आहे. मी 'बरोबर आलेला' असं केलं. संपादकांना ते फिकं वाटतं. त्यांनी समासात 'आश्रित?' असं लिहून पाठवलं आहे. आश्रित म्हटलं की वाडा आला, वाढून ठेवलेलं ताट आलं. त्या वाटेवर कुणी कुणाला वाढत नव्हतं. कुत्रा फक्त आला होता, आणि आला म्हणूनच त्याचा हक्क तयार झाला.

कारण नकार देतो तेव्हा युधिष्ठिराला तो धर्म आहे हे माहीत नाही. त्या क्षणापुरता महाभारतात एक निखळ कुत्रा आहे आणि त्याच्यासाठी एक माणूस स्वर्ग नाकारतो आहे. याच ग्रंथाच्या सुरुवातीला, आदिपर्वात, सरमेचं पिल्लू जनमेजयाच्या सत्रात शिरतं आणि काहीही चाटलं नसताना जनमेजयाचे भाऊ त्याला बडवतात. त्या विनाकारण माराची भरपाई इथे झाल्यासारखी वाटते. आणि पुढच्याच श्लोकांत धर्म आपलं रूप प्रकट करतो, द्वैतवनातल्या परीक्षेची आठवण काढतो, मुलाला शाबासकी देतो. माझ्या मते कवीने इथे एक अवघड प्रश्न सोडवला नाही, नाहीसा केला. कुत्रा कुत्राच राहिला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला खायला कोण घालणार होतं? युधिष्ठिर फक्त चढणारा आहे. त्याला परत उतरायचं नाही.

आपण उतरतो. हिमालयातल्या लोकप्रिय वाटांवर आता हीच गोष्ट रोज घडते. बिस्किटाच्या पुड्यावर कुत्रा वर नेला जातो, शिखरावर त्याच्याबरोबर फोटो निघतो, खाली पोस्टमध्ये 'धर्मराजाचा सोबती' असं काहीतरी लिहिलं जातं आणि गाडी निघून जाते. माणसांच्या उष्ट्यावर वाढलेले आणि मोकाट झालेले कुत्रे लडाख-स्पितीत वन्यप्राण्यांच्या मागे लागतात. तुंगनाथचा डोंगर तर केदारनाथ अभयारण्याला लागूनच आहे, मोनाल आणि कस्तुरीमृगाचा मुलूख. उलट बाजूने, या भागातल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो तो बिबट्यासाठी. यात कुणाला सोडलं आणि कुणी सोडलं हे ठरवणं युधिष्ठिराच्या यादीइतकं सरळ नाही. पण महाप्रस्थानाचा हवाला देऊन लिहिलेल्या प्रवासवर्णनांत मला हा उतरण्याचा भाग क्वचितच सापडतो. वर्णन शिखरावर संपतं.

अरुण कोलटकरांना मात्र तो दिसला होता. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणाऱ्या या कवीचा 'काळा घोडा पोएम्स' हा इंग्रजी संग्रह 2004 साली आला. त्यातली पहिलीच कविता 'पाय-डॉग'. मुंबईत काळा घोडा चौकातल्या ट्रॅफिक आयलंडवर पहाटे पडलेला एक गावठी कुत्रा आपली वंशावळ सांगतो. आईकडून तो सर बार्टल फ्रिअरने विलायतेहून आणवलेल्या तीस शिकारी कुत्र्यांपर्यंत पोचतो, ज्यांतली एकच जगली. बापाकडून थेट युधिष्ठिराबरोबर गेलेल्या कुत्र्यापर्यंत.

विनोद म्हणून हे सोडून देता येतं, आणि कविता विनोदी आहेच. पण वंशावळ सांगायची तर मूळ पुरुष खरा कुत्रा असावा लागतो. वेषांतर केलेल्या धर्माला पिल्लं होत नाहीत. किंवा झालीच तर ती युधिष्ठिराची सावत्र भावंडं ठरतील, कारण तोही धर्माचाच मुलगा. कोलटकरांनी यातलं काही म्हटलेलं नाही. त्यांनी फक्त मूळ कथेतला शेवटचा खुलासा वगळला आणि कुत्र्याला वाट चालून स्वर्गात पोचलेला कुत्रा राहू दिलं. त्याचा वंशज आता डोंगर चढत नाही. त्याच्या अंगावरच्या काळ्या डागांत त्याला जुन्या मुंबईचा नकाशा दिसतो, तो बेटाच्या मधोमध पडून विचार करतो, आणि रहदारी सुरू झाली की शहर त्याच्या तथाकथित मालकांच्या हवाली करून उठतो.